पक्षाचा अध्यक्ष आणि राज्याचा प्रमुख

परकीय अथवा जुलमी सत्तेशी झुंजण्यासाठी जन्मास आलेला राष्ट्रीय पक्ष ज्या दिवशी स्वतः राज्यावर बसतो, त्या दिवसापासून त्याच्या घरात दोन कर्ते नांदू लागतात. एक राज्यकारभार पाहणारा आणि दुसरा पक्षाचे दप्तर सांभाळणारा. लढ्याच्या काळात राज्य हाती नसल्यामुळे पहिल्याचे पदच अस्तित्वात नसते, आणि म्हणून अखेरचा शब्द कोणाचा हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. सत्ता आली म्हणजे मात्र तो टाळता येत नाही. १९५० सालच्या पावसाळ्यात आशिया खंडातील दोन वयोवृद्ध राष्ट्रीय पक्षांना या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ एकाच वेळी द्यावे लागले. ऑगस्टच्या आरंभी चीनच्या क्वोमिंतांग पक्षाने, मुख्य भूमी गमावून तैवान बेटाचा आश्रय घेतल्यानंतर, आपली जुनी कार्यकारिणी बाजूस सारून १६ जणांच्या सुधारणा समितीच्या हाती पक्षाचा सर्व कारभार सोपविला; आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतांत मतदान करून, सप्टेंबरात नाशिक येथे भरावयाच्या ५६व्या अधिवेशनाचा अध्यक्ष निवडला. तैपेईतील सोळाही नावे एका व्यक्तीने ठरविली होती. नाशिकच्या अध्यक्षासाठी २६०० मते मोजली गेली. या दोन घटनांना जन्म देणाऱ्या दोन परंपरा समजावून घेतल्यावाचून नाशिकला काय घडले याचे खरे महत्त्व ध्यानात येणार नाही, म्हणून प्रथम चीनची हकीकत सांगतो.

क्वोमिंतांगचे मूळ गुप्त मंडळ्यांत होते. डॉ. सन यत्-सेन यांनी १८९४ साली होनोलुलू येथे पहिले मंडळ स्थापिले, १९०५ साली टोकियोत अनेक मंडळांचे एकीकरण करून मोठा क्रांतिसंघ उभारला, आणि मांचू घराण्याचा अंमल संपुष्टात आल्यावर १९१२ साली पेकिंग येथे त्या संघाचे उघड राजकीय पक्षात रूपांतर झाले. या नव्या पक्षाला निवडणुकीचे राजकारण शिकविले ते सुंग च्याओ-रेन या अवघ्या तिशीतील कार्यकर्त्याने. त्याची अशी श्रद्धा होती की बहुमत मिळविणाऱ्या पक्षाने मंत्रिमंडळ बनवावे आणि राष्ट्राध्यक्षाने त्याच्या सल्ल्याने चालावे. पक्षाला निवडणुकीत यश मिळाले, आणि मार्च १९१३ मध्ये, पेकिंगला जाण्यासाठी निघालेला हा तरुण नेता शांघायच्या रेल्वे स्थानकावर गोळीला बळी पडला. चीनच्या अर्वाचीन इतिहासात याहून मोठी हानी क्वचितच झाली असेल असे मला वाटते. कारण मतपेटीवर विश्वास ठेवणारा जो एक प्रवाह त्या पक्षात होता, तो त्या गोळीने आटला, आणि मागे उरले ते निष्ठेचे आणि शस्त्राचे राजकारण.

त्याचा परिणाम लगोलग दिसला. पराभूत होऊन जपानात परतलेल्या सन यत्-सेन यांनी १९१४ साली पक्षाची नव्याने बांधणी केली, तेव्हा प्रत्येक सभासदाने आपल्या आज्ञेत राहण्याची व्यक्तिगत शपथ घ्यावी आणि तिच्यावर अंगठ्याची निशाणी करावी, अशी अट त्यांनी घातली. ह्वांग शिंग हे त्यांचे तोलामोलाचे सहकारी. रणांगणावर त्यांनी जे सोसले ते सन यांनीही सोसले नव्हते. त्यांनी ही अट मानण्यास नकार दिला आणि ते अमेरिकेस निघून गेले. पुढे १९२४ च्या जानेवारीत कँटन येथे पक्षाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. बोरोदिन या रशियन सल्लागाराच्या मसलतीने पक्षाची घटना समित्यांच्या शिस्तबद्ध उतरंडीवर बेतली गेली, परंतु त्या उतरंडीच्या माथ्यावर सन यत्-सेन यांचे नाव खुद्द घटनेतच कोरले गेले. ते पक्षाचे सर्वोच्च नेते, आणि मध्यवर्ती समितीच्या निर्णयावर त्यांचा शब्द अखेरचा. पद निर्माण करून त्यावर माणूस निवडावा हा लोकसत्ताक पक्षांचा रिवाज. येथे माणूस आधी होता आणि पद त्याच्या मापाने शिवले गेले होते.

असे पद वारशाने देता येत नाही. १२ मार्च १९२५ रोजी सन यत्-सेन पेकिंग येथे निवर्तले, आणि त्यांच्या पश्चात ते पद कोणासही न देता त्यांच्याच नावे कायमचे राखून ठेवावे असे पक्षाने ठरविले. दर आठवड्याच्या स्मरणसभेत त्यांचे मृत्युपत्र वाचले जाऊ लागले. ही भावना मी क्षुद्र लेखीत नाही. पण रिक्त ठेवलेल्या आसनाभोवती जे घडले ते भयंकर होते. सन यांचे निकटचे सहकारी ल्याओ चुंग-खाय यांचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खून झाला. त्या खुनाबद्दल दुसरे ज्येष्ठ सहकारी हू हान-मिन यांच्या परिवारावर संशय आल्याने त्यांना दूर व्हावे लागले. मृत्युपत्राचा मसुदा ज्यांच्या हातचा होता ते वाँग चिंग-वै काही काळ अग्रभागी आले, आणि मार्च १९२६ मध्ये कँटनच्या लष्करी विद्यालयाचा प्रमुख चँग कै-शेक याने शहरात सैनिकी बंदोबस्त जारी करून त्यांनाही परदेशी जाण्याची पाळी आणली. पक्षाची घटना सांगत होती की सत्ता समितीची आहे. सैन्य सांगत होते की ती सेनापतीची आहे. १९३१ च्या फेब्रुवारीत मतभेदावरून चँगने हू हान-मिन यांना नजरकैदेत ठेवले, तेव्हा कँटनकरांनी वेगळे सरकार उभारले आणि वर्षअखेरीस चँगलाच राजीनामा द्यावा लागला; परंतु त्याच्यावाचून फौजा हलत नाहीत असे दिसून येताच काही आठवड्यांत तो परत आला. अखेर १९३८ च्या वसंतात, जपानी आक्रमणाच्या वणव्यात, यांगत्सेच्या काठी भरलेल्या तातडीच्या परिषदेने चँगसाठी निराळ्या नावाचे पद निर्माण करून सन यत्-सेन यांचे सर्व अधिकार त्याच्या हवाली केले. दुय्यम स्थान वाँग चिंग-वै यांना मिळाले. तेच वाँग त्या वर्षाच्या डिसेंबरात युद्धकाळातील राजधानी चुंगकिंग सोडून निघून गेले आणि १९४० साली नानकिंग येथे जपान्यांच्या आश्रयाने त्यांनी आपले सरकार मांडले. नेतृत्वाच्या स्पर्धेला वैध मार्ग नसला म्हणजे पराभूत माणूस कोठवर घसरतो, याचे याहून दारुण उदाहरण शोधावे लागणार नाही.

हाच चँग भारतीयांना परिचित होता आणि प्रियही होता. १९३८ साली काँग्रेसने चीनला वैद्यकीय पथक पाठविले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ऑगस्ट १९३९ मध्ये पंडित नेहरू चुंगकिंगला जाऊन आले. आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये चँग सपत्नीक हिंदुस्थानात येऊन कलकत्त्यास महात्माजींना भेटला. आमच्या नेत्यांना त्याच्यात एका भगिनी राष्ट्राचा लढवय्या पुढारी दिसत होता, आणि ते खोटे नव्हते. पण पक्ष आणि राज्य यांच्या संबंधांत त्याने घालून दिलेला धडा १९४९ साली जगाने पाहिला. २१ जानेवारीस तो राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झाला, ली त्सुंग-रेन हे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. मात्र पक्षाचे सर्वोच्च पद चँगने सोडले नाही, आणि आपल्या मूळ गावी राहून तो सेनापतींना आज्ञा धाडीत राहिला, खजिन्यातील सोने तैवानला हलविण्यात आले. राज्याचा प्रमुख नामधारी आणि पक्षाचा प्रमुख सर्वाधिकारी, अशी ती स्थिती होती. १ मार्च १९५० रोजी तैपेईत त्याने राष्ट्राध्यक्षपद पुन्हा धारण केले, आणि ऑगस्टमध्ये ती सोळा जणांची समिती नेमली.

आता नाशिककडे वळू. गोदाकाठची ही नगरी काँग्रेसच्या अंतर्गत इतिहासात नुसती यजमान म्हणून आलेली नाही. १९३२-३३ च्या कायदेभंगात नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, नानासाहेब गोरे ही तरुण मंडळी एकत्र कोंडली गेली, आणि त्यांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. तो पक्ष काँग्रेसच्या पोटातच राहिला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या आरंभी, काँग्रेसने आपल्या घटनेत दुरुस्ती करून पक्षांतर्गत पक्षाला मज्जाव केला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये समाजवाद्यांनी नाशिकलाच परिषद भरवून काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांचा शेतकरी कामगार पक्षही त्याच सुमारास काँग्रेसबाहेर पडला होता. त्याने १९५० साली आपला वैचारिक प्रबंध मंजूर केला तो याच जिल्ह्यातील, मालेगाव तालुक्यातील दाभाडी गावी. म्हणजे काँग्रेसचे प्रतिनिधी सप्टेंबर १९५० मध्ये नाशिकला जमले, तेव्हा डावीकडची मंडळी घराबाहेर पडलेली होती, आणि उरलेल्या घरात मतभेदाचा तराजू स्वाभाविकच दुसऱ्या बाजूस झुकला होता. नाशिकच्या निवडणुकीचे वर्णन करणारे बहुतेक जण हा मुद्दा वगळतात. मला तो कळीचा वाटतो.

अध्यक्षपदाला उमेदवार तीन होते. अलाहाबादचे बाबू पुरुषोत्तमदास टंडन हे उत्तर प्रदेश विधानसभेचे सभापती, हिंदी भाषेचे आणि देवनागरीचे कट्टर कैवारी; जून १९४७ मध्ये अखिल भारतीय समितीत त्यांनी फाळणीच्या ठरावाला उघड विरोध केला होता. आचार्य कृपलानी हे १९४६ साली मेरठ अधिवेशनाचे अध्यक्ष झाले होते, आणि सरकार पक्षाध्यक्षाला विश्वासात घेत नाही या कारणावरून त्यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पद सोडले होते. तिसरे आपले शंकरराव देव, मुळशीच्या सत्याग्रहापासून गांधीमार्गावर चाललेले, महाराष्ट्र काँग्रेसचे वर्षानुवर्षे कर्णधार आणि अखिल भारतीय काँग्रेसचे सरचिटणीस. कृपलानी आणि देव हे दोघेही १९४२ च्या ऑगस्टपासून अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू आणि वल्लभभाई यांच्यासह कैदेत होते. एकाच तटबंदीआड दीर्घकाळ एकत्र राहिलेली माणसे आठ वर्षांनी परस्परांविरुद्ध उभी राहिली, आणि तरीही कोणी कोणास नजरकैदेत ठेवले नाही, हे चीनच्या हकीकतीनंतर मुद्दाम लक्षात आणून द्यावेसे वाटते.

वादाचे कारण व्यक्तिगत नव्हते. १९५० च्या आरंभी पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले होते. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला आणि तो मान्य नसल्याने श्यामाप्रसाद मुखर्जी व क्षितीशचंद्र नियोगी यांनी मंत्रिमंडळ सोडले. पाकिस्तानशी कसे वागावे, मुसलमान नागरिकांना कोणती शाश्वती द्यावी, हा त्या वेळचा धगधगता प्रश्न होता. टंडनांच्या निवडीने पुनरुज्जीवनवादी आणि जातीय वृत्तीला बळ मिळेल, असे नेहरूंनी त्यांना स्वतः लिहून कळविले. ते कृपलानींच्या बाजूचे होते. वल्लभभाईंचा पाठिंबा टंडनांना होता. पक्षाने सरकारवर अंकुश ठेवावा असे म्हणून तीन वर्षांपूर्वी ज्यांनी राजीनामा दिला, त्या कृपलानींच्याच पाठीशी पंतप्रधान उभे राहिले. तत्त्वाच्या या उलटापालटीवरून त्या लढतीचे खरे स्वरूप ओळखावे.

मते मोजली तेव्हा टंडन यांना १३०६, कृपलानींना १०९२ आणि शंकरराव देव यांना २०२ पडली होती. हे आकडे जरा जवळून पाहिले पाहिजेत. एकूण २६०० मतांपैकी निम्मी १३००. म्हणजे टंडन निम्म्याहून अवघ्या ६ मतांनी पुढे होते, आणि उरलेल्या दोघांची बेरीज त्यांच्यापेक्षा केवळ १२ ने उणी होती. देशातील दोन सर्वांत मोठे नेते दोन बाजूंस उभे असता प्रतिनिधींचा असा जवळजवळ दोन समान भागांत विभागलेला कौल लागला, आणि तो ठरल्याप्रमाणे जाहीर झाला. शंकररावांची २०२ मते निकाल बदलण्यास पुरेशी नव्हती. तरी दोन्ही महाशक्तींच्या ओढीत एका विरक्त कार्यकर्त्याच्या नावापुढे इतक्या प्रतिनिधींनी खूण केली, याचे मोल कमी नाही.

अधिवेशन २० व २१ सप्टेंबरला भरले. अध्यक्षस्थानी टंडन होते. परंतु ठरावांवर ठसा उमटला तो नेहरूंचा. जनसमुदाय क्षुब्ध झाला म्हणून अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे कर्तव्य सोडून देणे म्हणजे लोकशाही नव्हे, या आशयाचे त्यांचे निग्रही प्रतिपादन त्या मंडपात झाले, आणि ज्यांनी काही दिवसांपूर्वी टंडनांना निवडले होते त्याच प्रतिनिधींनी जातीयतेच्या विरोधातील, पाकिस्तानविषयक आणि परराष्ट्र धोरणाचे ठराव नेहरूंच्या मनाजोगे मंजूर केले. वरवर पाहता ही विसंगती आहे. पण प्रतिनिधींच्या दृष्टीने विचार केला तर तिच्यात एक सुसंगत इच्छा दिसते: राज्याचे धोरण पंतप्रधानांचे असावे, पण पक्षाचे घर पंतप्रधानांच्या मुठीत नसावे. माझ्या मते नाशिकच्या कौलाचा हाच अर्थ होता, आणि तो शहाणपणाचा होता. त्यासाठी निवडलेला माणूस योग्य होता की नाही हा प्रश्न निराळा, आणि त्या प्रश्नावर माझे मत नेहरूंच्या बाजूचे आहे.

ही व्यवस्था वर्षभरही धडपणे चालली नाही. नेहरूंचे निकटचे सहकारी रफी अहमद किडवाई यांना टंडनांनी कार्यकारिणीत घेतले नाही. नेहरूही बऱ्याच विनवण्यांनंतर नाखुशीने तीत आले. १५ डिसेंबर १९५० रोजी वल्लभभाई मुंबईत निवर्तले आणि टंडनांचा मोठा आधार गेला. कृपलानींनी जून १९५१ मध्ये काँग्रेस सोडून किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती, आणि उमेदवारांच्या याद्यांवर मखलाशी कोणी करावयाची हा प्रश्न आता तात्त्विक राहिला नव्हता. ऑगस्ट १९५१ मध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा आणि निवडणूक समितीचा राजीनामा दिला. पंतप्रधानावाचून काँग्रेसला निवडणूक लढविता येणे शक्य नव्हते, हे उभयपक्षी उघड होते. टंडनांनी कटुता न वाढविता सप्टेंबरात पद सोडले, अखिल भारतीय समितीने नेहरूंना अध्यक्ष केले, आणि १९५५ च्या आवडी अधिवेशनात उच्छंगराय ढेबर येईपर्यंत दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे राहिली.

असेच एकदा पूर्वीही घडले होते. १९३९ साली सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्या यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला, आणि त्रिपुरीच्या अधिवेशनात ज्येष्ठांचा विश्वास त्यांच्यावर नाही असे स्पष्ट झाल्यावर एप्रिलमध्ये त्यांना पद सोडावे लागले. सुभाषबाबू आणि टंडन यांच्या विचारांत काहीही साम्य नव्हते. साम्य आहे ते त्यांच्या वाट्याला आलेल्या गतीत. काँग्रेसमध्ये मतांनी अध्यक्ष निवडता येत होता, पण केवळ मतांच्या बळावर तो टिकत नव्हता. टिकण्यासाठी पक्षातील सर्वांत लोकमान्य पुरुषाची संमती लागत होती. क्वोमिंतांगमध्ये त्या काळी असा अध्यक्ष निवडण्याची सोयच नव्हती. दोन्ही पक्षांत अखेरचा शब्द एकाच माणसाचा ठरला असे म्हणून हा भेद पुसून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. नेहरूंना आपले म्हणणे पत्रांनी, भाषणांनी आणि राजीनाम्याने मांडावे लागले, टंडनांना सन्मानाने घरी जाता आले आणि १९६१ साली याच राष्ट्राने त्यांना भारतरत्न अर्पण केले. चँगचे प्रतिस्पर्धी नजरकैदेत, परदेशात अथवा शत्रूच्या आश्रयास गेले. तथापि १९५१ च्या त्या तोडग्याने काँग्रेसच्या अध्यक्षपदाचे तेज कायमचे उणावले, हेही तितकेच खरे मानतो.

कृपलानींचा पक्ष १९५२ साली समाजवाद्यांशी एकरूप होऊन प्रजा समाजवादी पक्ष झाला; नाशिकला काँग्रेस सोडून गेलेले आणि नाशिकच्या निवडणुकीत हरलेले असे एकत्र आले. शंकरराव देव संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या धुरीणत्वातून पुढे भूदानाकडे वळले, आणि चीनच्या आक्रमणानंतर, १ मार्च १९६३ रोजी, दिल्लीहून पेकिंगकडे पायी निघालेल्या मैत्रीयात्रेचे नेतृत्व त्यांनी केले. चीनच्या सरकारने यात्रेला प्रवेश दिला नाही.

क्वोमिंतांगमध्ये चँग कै-शेक १९७५ साली वारल्यावर त्याचे पदही त्याच्या नावे राखून ठेवले गेले, आणि पुत्र चँग चिंग-क्वो हा पक्षाध्यक्ष झाला. १९८८ साली तोही गेला, तेव्हा तैवानातच जन्मलेले ली तेंग-हुइ त्या जागी आले. २००० साली पक्षाने राष्ट्राध्यक्षपद गमावले, आणि त्यानंतर पक्षाचा अध्यक्ष सभासदांच्या थेट मतांनी निवडण्याचा प्रघात सुरू झाला. २००५ साली मा यिंग-जिऊ आणि वाँग जिन-पिंग यांच्यात खरी चुरशीची लढत होऊन मा निवडून आले. इकडे काँग्रेसमध्ये १९९७ साली अध्यक्षपदासाठी उघड लढत झाली. त्या वेळी सीताराम केसरी यांनी शरद पवार आणि राजेश पायलट यांचा मोठ्या मताधिक्याने पराभव केला, आणि मार्च १९९८ मध्ये कार्यकारिणीने केसरींना दूर करून अध्यक्षपद सोनिया गांधी यांच्याकडे दिले.